आधी भिंतीतला सॉकेट, मग ग्राफिक्स कार्ड

साठ-सत्तर हजारांत गेमिंग पीसी असेंबल करायला निघालेल्या पोराला जो तो एकच सूत्र ऐकवतो: निम्मे पैसे ग्राफिक्स कार्डात घाल, उरल्यात बाकीचं बसव. सूत्र खोटं नाही. गेममधलं चित्र कार्डच काढतं, आणि प्रोसेसर एक पायरी वर घेण्यापेक्षा कार्ड एक पायरी वर घेतलं तर बहुतेक गेममध्ये फ्रेम जास्त मिळतात. माझा वाद आहे तो त्या 'बाकीच्या'शी. हे सूत्र जिथे तयार झालं, तिथे खोलीत एसी असतो, भिंतीत नीट अर्थिंग असतं आणि बिघडलेला भाग बदलून देणारं दुकान तासाभरावर असतं. आपल्या मंगरूळपीरसारख्या गावात यातलं काय काय आहे, ते आधी पाहा.

पीसीला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसपासून सुरुवात करू. समोरचा पक्ष म्हणतो, तो काय, एक डबा. कॅबिनेटसोबत आला तरी चालतो, फार तर जास्त वॅटचा घ्यावा. जरा हिशेब मांडू. आरटीएक्स ४०६० हे कार्ड ११५ वॅटचं. मधल्या वर्गातला प्रोसेसर गेम चालू असताना साठ-सत्तर वॅट घेतो. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे धरले तरी बेरीज अडीचशेच्या आसपास थांबते. कार्ड बनवणारी कंपनी स्वतः ५५० वॅटचा एसएमपीएस पुरेसा मानते. म्हणजे अनोळखी नावाच्या डब्यावरचा '७५०' हा आकडा तुमच्या उपयोगाचा नाही, आणि बऱ्याचदा खराही नसतो. '८० प्लस'चा शिक्काही विजेची किती बचत होते एवढंच सांगतो. लाइन वरखाली झाली, शॉर्ट झालं, तर आतली संरक्षणाची व्यवस्था वेळेवर तोडेल की नाही, याबद्दल तो गप्प असतो. शिवाय ती चाचणी थंड खोलीत होते. चांगल्या कंपनीचा, पाच वर्षं वॉरंटीचा ५५० वॅट घ्यावा आणि वॅटची चर्चा तिथेच संपवावी.

त्याही आधी इलेक्ट्रिशियनला बोलवावं. जुन्या घरांत तीन पिनांचा सॉकेट दिसतो, पण तिसऱ्या भोकामागे तारच नसते. अशा जागी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात, आणि लोक 'पीसीत करंट उतरला' म्हणून दुकानदाराला शिव्या देतात. दोष बहुतेक वेळा पीसीचा नसतो. एसएमपीएसमधल्या फिल्टरचे दोन छोटे कपॅसिटर पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर २३० व्होल्टच्या निम्म्याच्या आसपास दाब राहतो. करंट अगदी थोडा, म्हणून नुसत्या झिणझिण्या. स्पाइक गार्डचं बरंचसं कामही त्याच तारेच्या भरवशावर चालतं. पावसाळ्याच्या तोंडावर विजा कडाडतात तेव्हा महागडं कार्ड वाचवण्याची जबाबदारी या न दिसणाऱ्या तारेवर असते, आणि तिच्यावर खर्च करा असं यादी देणारा कुणी म्हणत नाही.

'घरी इन्व्हर्टर आहे की!' आहे, पण तो कोणत्या मोडवर आहे? एसएमपीएसच्या मानकात वीज तुटल्यावर तग धरण्याचा काळ फार तर सोळा-सतरा मिलिसेकंद धरलेला आहे. पंखे-दिवे डोळ्यांसमोर ठेवलेल्या साध्या मोडवर बहुतेक इन्व्हर्टरला बॅटरीवर यायला त्याहून जास्त वेळ लागतो. मग लाइन गेली की पंखा फिरत राहतो आणि पीसी मात्र रीस्टार्ट होतो. यूपीएस मोड ठेवला तर बदल लवकर होतो. फक्त व्होल्टेज थोडं पडलं तरी इन्व्हर्टर बॅटरीवर उडी मारतो, हे सोसावं लागतं. इन्व्हर्टर साइन वेव्हचा असावा. दुकानात ढकलला जाणारा ६०० व्हीएचा स्वस्त यूपीएस सुमारे ३६० वॅटच देतो. मॉनिटर धरून तीनशेच्या जवळ जाणाऱ्या पीसीला तो काठावर ठेवतो, म्हणून १००० व्हीएचा घ्यावा.

आता ऊन. यूट्यूबवरचे तापमानाचे तक्ते बावीस-तेवीस अंशांच्या खोलीतले असतात. हीटसिंक चिपला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. चिप हवेपेक्षा किती अंश वर राहील, एवढंच हीटसिंक ठरवते. तिथे सत्तरवर चालणारी चिप चाळीस अंशांच्या खोलीत नव्वदीला टेकते आणि मग स्वतःचा वेग स्वतःच कमी करते. मे महिन्यात आपल्याकडे पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो, तेव्हा काचेच्या बंद तोंडाचं, रंगीत दिव्यांचं कॅबिनेट घेणं म्हणजे पैसे देऊन आपलंच कार्ड हळू करून घेणं. लिक्विड कूलिंगलाही हाच नियम लागू आहे, वर एक पंप बिघडायची सोय. समोर जाळी आणि धुळीचा फिल्टर असलेलं कॅबिनेट घ्यावं. आत हवा घेणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा जास्त ठेवावेत, म्हणजे सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांतली धूळ फटीफटीतून शिरत नाही. खोलीत कूलर लावा, जरूर लावा, पण त्याच्या झोतात पीसी ठेवू नका. त्यातून तुषारही येतात. कार्डाची पॉवर लिमिट दहा-पंधरा टक्के उतरवली तर फ्रेम थोड्याच कमी होतात, उष्णता मात्र चांगलीच उतरते. हे फुकट आहे.

रॅमबद्दल एवढंच: २०२५च्या अखेरीपासून भाव भडकलेत, तेव्हा सोळा जीबीवर भागवा, पण आठ-आठच्या दोन पट्ट्या घ्या.

प्रोसेसरच्या बाबतीत मी सर्वांत उलटा जातो. 'आय-५ १२४०० एफ घे, थोडा स्वस्त पडतो,' हा सल्ला पुण्यात ठीक आहे. एफ म्हणजे आत ग्राफिक्स नाही. इथे कार्ड बिघडलं की ते अकोल्याला किंवा नागपूरला जाणार, तिथून पुढे कंपनीकडे, आणि तेवढे दिवस पीसीची स्क्रीन काळी. बिनएफचा १२४०० किंवा रायझन ५ ७६०० घ्या. दोघांतही कामापुरतं ग्राफिक्स आहे. कार्ड वॉरंटीत फिरत असताना कॉलेजचे फॉर्म तरी भरता येतात. इथेरियम सप्टेंबर २०२२मध्ये मायनिंगमधून बाहेर पडल्यावर बाजारात आलेली जुनी कार्डं स्वस्तात मिळतात, तीही याच कारणाने नकोत. बिल नाही, वॉरंटी नाही, मग दाद कुणाकडे मागणार?

'त्यापेक्षा गेमिंग लॅपटॉप बरा,' म्हणणाऱ्यांची एक बाजू मला मान्य आहे: त्याला बॅटरी असते, लाइनची कटकट नाही. पण त्या पातळ अंगात मे महिन्याचं ऊन मावत नाही, आणि त्याचं कार्ड सोल्डर केलेलं असतं. ते गेलं की मदरबोर्डच बदलायचा.

शेवटचा आक्षेप खरा आहे: एवढं सगळं करताना कार्ड एक पायरी खाली येतं. येऊ द्या. १०८०पी मॉनिटरवर व्हॅलोरंट खेळणाऱ्याला तो फरक जाणवणारही नाही. जड गेममध्ये जाणवेल. तिथे शॅडो 'अल्ट्रा'वरून 'हाय'वर आणा. त्यासाठी नागपूरची एसटी पकडावी लागत नाही.