छडीचे काम काय?

वाद्यवृंदापुढे हातवारे करणारा तो गृहस्थ नसला तर काय बिघडेल, असे एका मित्राने मला विचारले. आपल्याकडे लय गाणाराच ठरवतो, म्हणून ही शंका येते. बेथोव्हेनची पाचवी सिंफनी (१८०८) घ्या. तिचा आरंभ स्वराने नव्हे, चिमुकल्या विरामाने होतो. त्या निःशब्द क्षणाचा ठोका साऱ्या वादकांना एकदम कळवायचा तो छडीने! मग तीन आखूड स्वर आणि चौथा लांब. त्यावर थांबण्याची खूण आहे. किती थांबावे ते लिहिलेले नाही. गती मात्र बेथोव्हेनने १८१७ साली छापून दिली : मिनिटाला १०८ बार. तोस्कानिनी तिच्या जवळपास राहतो. फुर्टव्हेंगलर रेंगाळतो, लांब स्वर मनसोक्त धरून ठेवतो. पण त्याचे १९४७ चे बर्लिनचे ध्वनिमुद्रण ऐका, शेवटी काय उसळी घेतो! माझा कौल त्यालाच. छापील आकड्याशी इमान राखणे म्हणजे संगीताशी राखणे, असे मला वाटत नाही. मात्र दुसरा लांब स्वर बेथोव्हेनने पहिल्याहून एका बारने वाढवून लिहिला आहे. दोन्ही सारखेच ओढणारे संचालकही आहेत. त्यांच्या बाबतीत मित्राची शंका मला खोडता येत नाही.