खोडदच्या तबकड्यांना मुंग्या लावू नका

सध्या जुन्नर-आंबेगावात एक व्याख्यान फिरतंय. वक्ते विद्वान, आवाज भारदस्त, आणि पडद्यावरच्या मुंग्या तर फारच देखण्या. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: वारुळात ना मॅनेजर ना मुकादम, तरी काम चोख. शेकडो संगणक एका जाळ्यात बांधले की माणसाला ते आवरत नाहीत. तेव्हा त्यांचा कारभार मुंग्या, मधमाश्या, पाखरांचे थवे यांच्या रीतीने चालू द्यावा. केंद्र नको, वेळापत्रक नको, निसर्ग सगळं जाणतो. शेवटी हात खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या दिशेला जातो, "आपली दुर्बीणसुद्धा उद्या अशीच चालेल!" आणि टाळ्या पडतात.

टाळ्या संपल्या असतील तर बोलतो.

मुंग्यांच्या माग काढण्यावरून संगणकासाठी रीत सुचवणारा प्रबंध मार्को डोरिगो यांनी १९९२मध्ये लिहिला. पुढे १९९८मध्ये त्याच धर्तीवर जाळ्यातला संदेश कोणत्या वाटेने न्यावा याची पद्धत आली. २००४मध्ये नाकराणी आणि टोवी यांनी मधमाश्यांच्या मध गोळा करण्यावरून सर्व्हर वाटपाची रीत मांडली. कामं प्रामाणिक आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते त्यांच्या खांद्यावर चढून "निसर्ग सगळं जाणतो" म्हणणाऱ्यांशी.

निसर्ग किती जाणतो, ते मुंग्यांनाच विचारू. १९८९च्या सुमारास ब्रसेल्सच्या संशोधकांनी अर्जेंटिनाच्या मुंग्यांपुढे खाद्याकडे जाणारी एक लांब वाट ठेवली. ती रुळल्यावर अर्ध्या तासाने जवळची वाट उघडली. बहुतेक मुंग्या लांबच्याच वाटेने जात राहिल्या, कारण मुंग्या वाटेवर सोडतात तो वास तिथे साचला होता. म्हणून संगणकातल्या मुंग्यांचा वास मुद्दाम भराभर उडवावा लागतो. किती भराभर, हे माणूस ठरवतो. व्याख्यानात या प्रयोगाची चित्रफीत नव्हती.

आता खोडद. पाहुण्यांना आपण ही दुर्बीण दाखवतो, पण ती चालते कशी हे फारसं सांगत नाही. गोविंद स्वरूप यांनी उभारलेल्या या दुर्बिणीच्या ३० तबकड्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. १४ तबकड्या मध्यभागी साधारण चौरस किलोमीटरमध्ये दाटीने, बाकीच्या १६ तीन बाहूंवर पांगलेल्या. सर्वांत लांबच्या दोघींत सुमारे २५ किलोमीटरचं अंतर. प्रत्येकीचा संकेत प्रकाशतंतूवरून मधल्या इमारतीत येतो आणि प्रत्येक तबकडीची बाकी प्रत्येकीशी जोडी लावली जाते. अशा जोड्या ४३५. जोडणीचं हे काम पूर्वी खास बनवलेली यंत्रं करत. नंतर ते बाजारात मिळणाऱ्या संगणकांच्या ताफ्यावर आलं, आणि श्रेणीवाढीनंतर ग्राफिक्स प्रोसेसरवर. म्हणजे वक्त्यांना हवी तशी विखुरलेली संगणकव्यवस्था आपल्या उशाशी आहे. ती कशावर चालते? घड्याळावर.

हायड्रोजनची १४२० मेगाहर्ट्झची लहर घ्या. तिचा एक फेरा सुमारे ०.७ नॅनोसेकंदात पुरा होतो. एका तबकडीचा हिशेब एक नॅनोसेकंदाने सरकला की लहर फेराभर पुढे निघून गेली. त्यात पृथ्वी फिरते, त्यामुळे प्रत्येक तबकडीपर्यंत लहर पोचायला लागणारा वेळ सतत बदलतो आणि तो सतत दुरुस्त करावा लागतो. कोणत्या संगणकाने कोणाकडून कोणता तुकडा घ्यायचा, हे आधीच ठरलेलं असतं. तिथे एखादा संगणक वास घेत हिंडला, "बघू, या वाटेने गर्दी कमी दिसते" म्हणाला, तर मागून येणारा संकेत त्याच्यासाठी थांबणार नाही.

आणि माझा खरा मुद्दा पुढेच आहे. वारुळातली एक मुंगी मेली तर कोणती मेली हे वारुळाला ठाऊक नसतं, आणि ठाऊक असायची गरजही नसते. खोडदला एक तबकडी बिघडली तर ४३५ पैकी २९ जोड्या बिघडतात. कोणत्या २९, कधीपासून, हे कळलं नाही तर तो कचरा चित्रात मिसळतो आणि कुठल्याशा दीर्घिकेच्या कडेला नसलेला तारा उगवतो. मुंगी खर्ची टाकता येते म्हणूनच वारूळ निर्धास्त असतं. तबकडी खर्ची टाकता येत नाही. वक्त्यांनी वारुळाची निर्धास्ती घेतली आणि तिची किंमत वारुळातच ठेवली.

वेळापत्रकाशिवाय भागत नाही हे कुणाला पटत नसेल तर कुकडीच्या कालव्यावर उभं राहावं. पाच धरणं, सात तालुके, आणि आवर्तनावरून, म्हणजे पाणी सोडण्याच्या ठरलेल्या पाळीवरून, होणारी वर्षानुवर्षांची भांडणं. आवर्तन उठवलं आणि प्रत्येक दारेवाल्याला समोरचं पाणी बघून दार उघडायला सांगितलं तर कर्जत-करमाळ्याच्या शेवटच्या शेताला काय मिळेल, ते त्या शेतकऱ्यालाच विचारा.

बाकीचे आक्षेप एकेका ओळीत. सगळ्या प्रश्नांवर सरस ठरणारी एकच शोधपद्धत असू शकत नाही, हे १९९७मध्ये वोल्पर्ट आणि मॅक्रेडी यांनी गणिताने दाखवलंय. कोकिळा, वटवाघूळ, काजवा, राखाडी लांडगा, सगळ्यांच्या नावाने सूत्रं निघाली. उसातला बिबट्या कसा सुटला याचंच नवल. आणि लष्करी मुंग्या कधीकधी एकमेकींच्या मागे गोल फिरत मरतात.

हा वाद तसा जुनाच. "नैसर्गिक ते चांगलं" हे मी गुळापासून बाळंतपणापर्यंत ऐकत आलोय, आणि दर वेळी बोलणाऱ्याच्या खिशात मोबाइल असतो.   

मग निसर्गाकडून काही घ्यायचंच नाही? घ्यायचं की. साथीचा रोग पसरतो तशी एका संगणकाने दुसऱ्याच्या कानात बातमी सांगायची, ही रीत १९८७मध्ये झेरॉक्सच्या संशोधकांनी मांडली. ती आज मोठमोठ्या विखुरलेल्या डेटाबेसमध्ये चालते, कारण बातमी किती फेऱ्यांत सर्वत्र पोचेल याचं गणित हातात आहे. उत्क्रांतीच्या रीतीने काढलेला अँटेना २००६मध्ये नासाच्या एसटी-५ यानांवर गेला. पण तो आधी टेबलावर घडवला, तपासला आणि मगच उडवला. थोडी चूक चालते आणि निवांत वेळ असतो, तिथे मुंग्यांना जरूर बोलवा. आणि कामं वाटायचीच असतील तर आधी एवढं करून बघा: कुठलेही दोन संगणक चिठ्ठी टाकून निवडा, कमी भार असलेल्याला काम द्या. यात एकही प्राणी नाही, म्हणून व्याख्यानही नाही. पण भार कमालीचा सारखा वाटला जातो, आणि तो का, याची सिद्धता आहे.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या मुलामुलींना माझी विनंती आहे. प्रकल्पात मुंग्या घाला, मधमाश्या घाला, पण शेजारच्या रकान्यात या चिठ्ठीवाल्या पद्धतीचे आकडेही छापा. आणि राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला प्रदर्शन असतं तेव्हा जा. एक तबकडी बंद पडली की ते तुम्हाला कसं कळतं, एवढं तिथल्या लोकांना विचारा, आणि ते उत्तर वक्त्यांच्या पुढच्या व्याख्यानात, टाळ्या पडायच्या आधी, उभं राहून सांगा.