मुरलेलं आणि उकळलेलं

रविवारी एका हॉटेलात डम्पलिंग मागवले. पातळ पारीचे, नुकतेच वाफेवरून उतरलेले, आत बारीक कोबी आणि कांद्याची पात. करणाऱ्याच्या हाताला नक्कीच चव होती. सोबतच्या वाटीत मात्र काळं, दाट, गोडसर काहीतरी होतं. पहिला डम्पलिंग त्यात बुडवला आणि कोबी संपला, पात संपली. उरली ती साखर आणि मीठ. "दादा, नुसता सोया सॉस आणि व्हिनेगर मिळेल का?" असं विचारल्यावर वाढणाऱ्या मुलाने सोया सॉसची बाटलीच आणून ठेवली. मी ती फिरवून मागची बाजू वाचली. पाणी, मीठ, साखर, हायड्रोलाइज्ड व्हेजिटेबल प्रोटीन, कॅरॅमल रंग, परिरक्षक.

मुरवलेला सोया सॉस आणि आम्लात उकळून केलेला सोया सॉस, या दोन प्रकारच्या बाटल्यांबद्दल मी पूर्वी लिहिलं, तेव्हा "एवढं कोण बघतं?" अशी पत्रं आली होती. फोडणीच्या भातात किंवा शेजवानच्या तिखटात पडणारा सोया सॉस नसेल कुणी बघत. पण बुडवून खायच्या सॉसला आच लागत नाही, त्यावर तिखटाचं पांघरूण नसतं. बाटलीत जे असेल ते थेट जिभेवर येतं. म्हणून पुन्हा लिहिते आहे.

जपानच्या शोदोशिमा बेटावर सोया सॉस कसा होतो ते बघा. वाफवलेलं सोयाबीन आणि भाजून भरडलेला गहू एकत्र करून त्यावर कोजीची बुरशी वाढवतात. मग ते मिठाच्या पाण्यात कालवून सुगी नावाच्या देवदारासारख्या जपानी झाडाच्या लाकडाच्या, माणसाहून उंच पिंपांत मुरत ठेवतात. बुरशीची विकरं प्रथिनं तोडतात, गव्हातल्या पिष्टाची साखर होते, त्या साखरेवर यीस्ट आणि जिवाणू जगतात. वर्ष जातं, कधी दोन. पिंपाच्या लाकडातच पिढ्यान्‌पिढ्यांचे जिवाणू वस्तीला असतात. ही पिंपं बांधणारे कारागीर संपत आले, तेव्हा तिथल्या यामारोकू या सोया सॉसवाल्या घराण्यातले यासुओ यामामोतो 2012 साली सुतारांना सोबत घेऊन स्वतः पिंप बांधायला शिकले. नातवंडांच्या काळात सॉस कशात मुरेल, याची काळजी करणारा माणूस आहे हा.

दुसरी रीत कारखान्याची. तेल काढून उरलेली सोयाबीनची पेंड हायड्रोक्लोरिक आम्लात तासन्‌तास उकळायची, मग सोडा घालून आम्ल मारायचं, गाळायचं, रंग, साखर आणि मीठ घालायचं. काही दिवसांत बाटली तयार. प्रथिनं इथेही तुटतात, ग्लुटामेट इथेही मोकळं होतं. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदांनी 1908 साली कोंबू शेवाळातून वेगळी काढलेली उमामी चव ती हीच. म्हणून जीभ क्षणभर फसते. नाक फसत नाही, कारण यीस्टने महिनोन्‌महिने घडवलेला वास आम्लाला घडवता येत नाही. शिवाय या उकळण्यात 3-एमसीपीडी नावाचं नको असलेलं द्रव्य तयार होऊ शकतं. 2001 साली ब्रिटनच्या फूड स्टँडर्ड्स एजन्सीला काही सोया सॉसमध्ये ते जास्त सापडलं आणि त्या बाटल्या टाळा, असं लोकांना सांगावं लागलं.

कैरीचं लोणचं घातल्याच्या दुसऱ्या दिवशी चाखलं तर मीठ वेगळं लागतं, मोहरी वेगळी, हिंग वेगळा. मुरल्यावर त्यांचं एक काहीतरी होतं. हे ज्या घरांना सांगावं लागत नाही, त्याच घरांत आम्लात उकळलेली बाटली निमूट येते, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि आता मुरवण्यावरून आपल्या मराठवाड्यातलं लातूर. त्याच्याबद्दल मी आधीही लिहिलं आहे. शोदोशिमाकडे मीठ होतं. सोयाबीन आणि गहू समुद्रातून जहाजांनी आणून त्या बेटाने सुमारे चारशे वर्षं सॉस मुरवला. लातूरच्या बाजारात सोयाबीनचे ढीग लागतात, त्यातून तेल निघतं, पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते आणि भाव पडला की शेतकरी बसून राहतो. त्यातली चार पोती कुणी मुरवून बघावीत, एवढंच मी दर वेळी म्हणते. मराठवाड्याचा उन्हाळा त्या मुरण्याला मानवेल असा माझा विश्वास आहे. हिशेब माझ्याकडे नाही.

आता घरचा सॉस. लेबलावर पाणी, सोयाबीन, गहू आणि मीठ एवढंच असलेली, नैसर्गिकरीत्या आंबवलेली बाटली घ्या. चिनी बाटल्यांत 'लाइट' घ्या. 'डार्क' रस्स्याला रंग आणण्यासाठी असते. तीन चमचे सोया सॉस, दोन चमचे तांदळाचं व्हिनेगर, एक चमचा कोमट पाणी, ठेचलेली लसणाची एक पाकळी. वरून मीठ अजिबात नको, कारण एका मोठ्या चमचाभर सोया सॉसमध्येच अडीच ग्रॅमच्या आसपास मीठ असतं. 'सिंथेटिक' छापलेलं व्हिनेगर म्हणजे पाण्यात पातळ केलेलं अ‍ॅसिटिक आम्ल. त्यापेक्षा कागदी लिंबू पिळा. जपानी पोन्झूत आंबटपणा लिंबाच्याच जातीच्या फळांचा असतो, तेव्हा संकोच नको. शेवटी तिळाच्या तेलाचे चार थेंब, पण ते भाजलेल्या तिळाचं हवं. आपल्या घाण्याच्या तेलाला तो वास नसतो. भाजलेल्या तिळाचं तेल नसेल तर चमचाभर तीळ खमंग भाजून खलबत्त्यात ओबडधोबड कुटून घाला. सॉस खायच्या दहा मिनिटं आधी कालवा, आदल्या दिवशी नको. लसूण रात्रभरात उग्र होतो.

उत्तर चीनमध्ये याहून सुंदर रीत आहे. तिथल्या बाराव्या चांद्र महिन्याच्या अष्टमीला, लाबाच्या दिवशी, सोललेला लसूण व्हिनेगरमध्ये घालून बरणी थंड जागी ठेवतात. नववर्षाच्या रात्री जियाओझी, म्हणजे तिथले डम्पलिंग, उकळून ताटात येतात, तोवर पाकळ्या पाचूसारख्या हिरव्या झालेल्या असतात. लसूण तोंडी लावायला, आणि लसणाचा वास प्यालेलं तेच व्हिनेगर सॉसला. थंडीत राहिलेला लसूण चांगला हिरवा होतो, म्हणून मी दोन गड्डे फ्रिजमध्ये टाकून ठेवले आहेत. बरणी परवा भरणार आहे.