खाजणांतील काळा चिखल

वसईच्या खाडीमुखाशीं चौक गांव आहे. तेथून भाईंदरकडे खाडीकांठचा काळा चिखल उकरला, कीं सडक्या अंड्यासारखी दुर्गंधी येते. समुद्राच्या एका लिटर पाण्यांत सुमारे 2.7 ग्रॅम सल्फेट असतें. हवेवांचून जगणारे सूक्ष्म जंतु त्यांतील प्राणवायु खर्चितात. उरलेला गंधक लोहाशीं मिळून चिखल काळा करतो. पाण्याखालीं हा गंधक निरुपद्रवी असतो. परंतु चिखल वाळून हवा लागली, कीं त्याचेंच गंधकाम्ल बनतें व पिकाचीं मुळें जळतात. चिखलांत शिंपले भरपूर असल्यास त्यांतील चुना हें अम्ल मारतो.

म्हणून बांध घालून पाणी काढलें, कीं खार सुधारली, ही समजूत आम्हांस धोक्याची वाटते. सन 1948 मध्यें मुंबई इलाख्यांत खारभूमीचा कायदा झाला. पण कायद्यानें बांध राखतां येतो, अम्ल रोखतां येत नाहीं. शेतकरी बंधूंनीं आधीं मूठभर चिखल ओलसर ठेवून चार-सहा आठवडे हवेंत राखावा व मग निळ्या लिटमस कागदानें पाहावा. कागद तांबडा झाल्यास ती जमीन वाळवूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. एकदां सुटलेलें अम्ल मारण्यास लागणारा चुना पिकाच्या उत्पन्नांतून भागेलच, असें नाहीं.