टीव्हीचं वेळापत्रक आणि फिरणारं चाक

या महिन्यात सदराकडे आलेल्या पत्रांपैकी तीन एकाच तक्रारीची आहेत. मोबाइलवर टीव्हीच्या कार्यक्रमांचं वेळापत्रक दाखवणारं ॲप उघडावं तर मधोमध गोल चाक फिरत राहतं, खाली ‘लोडिंग’ एवढंच दिसतं आणि पुढे काही होत नाही. दोन पत्रांचं उत्तर सोपं आहे, ते ओघात येईल. तिसरं पत्र आमच्या देवळ्यातल्याच एका भगिनीचं. त्यांच्या सासूबाई डीडी उर्दू लावतात, नातू पीएम ई-विद्याच्या वाहिनीवर आठवीचा तास बघतो, आणि कोणता कार्यक्रम किती वाजता हे अम्मींच्या फोनवर बघायचं असा घराचा रिवाज. ॲप अडकलं तेव्हा अम्मी म्हणाल्या, “माझ्याच हातून काहीतरी दाबलं गेलं.” फोन एका दुकानात नेला. तिथे सांगण्यात आलं, फॉरमॅट मारावा लागेल. त्या फोनात मरहूम सासऱ्यांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेले आवाज आहेत. भगिनी विचारतात, फोन द्यावा की नाही?

देऊ नका. एका ॲपचं चाक थांबत नाही म्हणून अख्खा फोन पुसायचं कारण नाही. आणि अम्मींच्या हातूनही काही बिघडलेलं नाही. हे ॲप आत काय करतं ते समजून घेतलं की हे पटेल.

अशा ॲपमध्ये वेळापत्रक आधीपासून भरलेलं नसतं. उघडलं की ते दूरच्या एका संगणकाकडून, म्हणजे सर्व्हरकडून, माहिती मागवतं. समजा 300 वाहिन्या, प्रत्येकीचे दिवसाला 30 कार्यक्रम आणि सात दिवसांचं वेळापत्रक. झाल्या 63,000 नोंदी, आणि प्रत्येक नोंदीत वाहिनी, सुरुवातीची वेळ, शेवटची वेळ, नाव, कधी चित्रसुद्धा. हे सगळं आणायचं, उलगडायचं आणि फोनात मांडून ठेवायचं. नवा फोन हे काही क्षणांत करतो. आपल्या घरांत मात्र नवा फोन मुलाकडे आणि त्याचा जुना फोन अम्मीकडे, अशी वाटणी असते. त्या जुन्या फोनाला हे ओझं होतं. पाचेक सेकंद ॲपने स्पर्शाला दाद दिली नाही की अँड्रॉइड स्वतःच विचारतो, थांबायचं की ॲप बंद करायचं. पहिल्यांदा उघडत असाल तर थांबा म्हणा. बहुतेक जण घाईने बंद करतात आणि सगळं काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

आता पहिल्या पत्राचं उत्तर. त्या घरात ॲप सकाळी चालतं, मगरिबनंतर अडकतं. दोष ॲपचा नाही, दीड जीबीचा आहे. रोजचा डेटा मुलांनी दुपारीच व्हिडिओ बघून संपवला की अनेक प्लॅनमध्ये वेग 64 केबीपीएसवर येतो. नेट बंद पडत नाही, म्हणून संशयही येत नाही. व्हॉट्सॲपचे दोन शब्द जातात-येतात. पण वेळापत्रकाची फाइल 10 एमबीची असेल तर या वेगाने ती यायला वीस मिनिटांहून जास्त लागतात. चाक फिरतंय ते खरंच काम करतंय, आपल्याला मात्र ते गोठलेलं दिसतं. अब्बा कांदा घेऊन उमराण्याच्या बाजारात आणि त्यांचा हॉटस्पॉटही त्यांच्याबरोबर गेला, हीसुद्धा याच जातीची तक्रार समजा. उपाय असा की वेळापत्रक सकाळीच एकदा उघडून ठेवायचं. बरीच ॲप्स आणलेली माहिती त्या दिवसापुरती जपून ठेवतात. शिवाय सेटिंग्जमध्ये आपली डिश किंवा केबल निवडायची आणि न लागणाऱ्या भाषांच्या वाहिन्या काढून टाकायच्या. तमिळ, बंगाली वाहिन्यांचं वेळापत्रक आपल्या फोनाने का वाहावं?

डेटा शिल्लक असूनही चाक फिरत असेल तर पहिली परीक्षा शेजारच्या फोनवर करावी. तिथेही तेच ॲप अडकत असेल तर सर्व्हर बंद आहे; चहा घ्या आणि संध्याकाळी बघा. हे मोठ्यांच्या बाबतीतही घडतं. 22 मार्च 2021 रोजी अँड्रॉइडमधल्या ‘वेबव्ह्यू’ नावाच्या एका भागाचा सदोष अपडेट आला आणि जगभर असंख्य फोनांवर जीमेलसकट अनेक ॲप्स उघडताच बंद पडू लागली. दुरुस्त अपडेट आल्यावर ती आपोआप सुरळीत झाली. त्या दिवशी ज्यांनी फोन फॉरमॅट केले असतील, त्यांनी फुकट केले.

शेजारी चालतं आणि आपल्याकडे नाही, तर मग फोनाची तारीख बघा. हे वाचून हसू येईल, पण जुन्या फोनाची बॅटरी पूर्ण उतरली की काही फोन 1 जानेवारी 1970 दाखवतात. त्या तारखेला सुरक्षित जोडणी होतच नाही. तारीख-वेळ ‘ऑटोमॅटिक’ करून टाका. नंतर जागा बघा. दर शुक्रवारी ‘जुम्मा मुबारक’ची चित्रं सतरा गटांतून येतात आणि सगळी आपोआप साठतात. फोन काठोकाठ भरला की वेळापत्रक मांडायला जागा उरत नाही. दुसऱ्या पत्राचं उत्तर हेच. दुआ देणाऱ्याची नीयत चांगली असते, चित्र पुसल्याने दुआ परत जात नाही.

एवढ्यानेही भागलं नाही तर सेटिंग्ज, ॲप्स, ते ॲप, स्टोरेज असं जावं. तिथे शेजारी शेजारी दोन बटणं असतात. ‘क्लिअर कॅशे’ने तात्पुरता साठा जातो, तो निर्धास्त दाबा. अर्धवट आलेली फाइल बऱ्याचदा तिथेच अडकून बसलेली असते. ‘क्लिअर डेटा’ने त्या ॲपमधल्या तुमच्या निवडी जातात, आवडत्या वाहिन्या पुन्हा लावाव्या लागतात, ते नंतर. मग ॲप अपडेट करावं, शेवटी काढून पुन्हा टाकावं. यांतल्या कशानेही व्हॉट्सॲपला धक्का लागत नाही, कारण प्रत्येक ॲपचं सामान वेगळं असतं. सगळं पुसतो तो फक्त फॉरमॅट, म्हणजे फॅक्टरी रीसेट.

देवळ्याच्या भगिनींनी मात्र आजच एक काम करावं. सासऱ्यांचा प्रत्येक आवाज बोटाने दाबून धरून मुलाच्या आणि नणंदेच्या फोनवर फॉरवर्ड करावा, आणि व्हॉट्सॲपचा चॅट बॅकअपही घ्यावा. फोन आज वाचला तरी तो जुना आहे, कधीतरी पाण्यात पडेल किंवा हातातून सुटेल. असे आवाज एकाच फोनात ठेवू नयेत.

फोन फारच जुना असेल तर आणखी एक अडचण असते आणि तिला घरगुती इलाज नाही. सुरक्षित जोडणीसाठी सर्व्हर फोनाला ओळखपत्र दाखवतो. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची ओळखपत्रं जगातल्या कितीतरी साइट्स वापरतात. ज्या मूळ दाखल्यावर जुने फोन विश्वास ठेवत, त्याची मुदत 30 सप्टेंबर 2021 रोजी संपली. अँड्रॉइड 7.1.1च्या आधीच्या फोनांसाठी केलेली सोयही 2024 मध्ये बंद झाली. अशा फोनात काही ॲप्स नुसती चाक फिरवत बसतात. तिथे बटणं दाबून उपयोग नाही.

आणि खरं सांगायचं तर अम्मींना या ॲपची गरज किती? डिशच्या रिमोटवर ‘गाइड’ लिहिलेलं बटण असतं. ते दाबलं की पडद्यावर वेळापत्रक येतं आणि ते उपग्रहाच्या संकेताबरोबरच येतं, नेट लागत नाही. डीडी फ्री डिशच्या बॉक्सवरही ही सोय असते. 2020 मध्ये शाळा बंद होत्या आणि जुलैपासून सह्याद्रीवर ‘टिलीमिली’ लागायची, तेव्हा कितीतरी घरांत तिची वेळ कागदावर लिहून टीव्हीशेजारी चिकटवलेली होती. तो कागद कधी लोड व्हायचा थांबला नाही.

तरीही ॲपच हवं असेल तर भाषा बदलून द्यावी. आम्ही वर्गात उर्दू आणि मराठी शिकवतो, तेव्हा हे पटकन लक्षात येतं की ‘रिट्राय’ समोर दिसतं आणि दादीला ते वाचता येत नाही, म्हणून ती घाबरून फोन उलटा ठेवते. अँड्रॉइड 13 पासून प्रत्येक ॲपची भाषा वेगळी ठेवायची सोय आहे, फक्त त्या ॲपने ती दिलेली असावी लागते.

गूगलवर ॲपचा हेल्पलाइन नंबर शोधू नये. तिथे भामट्यांचे नंबर असतात. ते आधी ‘स्क्रीन दिसू द्या’ म्हणत दुसरं ॲप टाकायला लावतात, मग ओटीपी मागतात. अशा ॲपबद्दल रिझर्व्ह बँकेने 2019 मध्येच सावध केलं होतं. पैसे गेलेच तर तासाभराचाही उशीर न करता 1930 वर फोन करावा.

पुढच्या वेळी लिहिताना फोनाचं नाव, अँड्रॉइडचा आकडा आणि पडद्यावर दिसणारे शब्द जसेच्या तसे लिहून पाठवा. उर्दूत लिहिलंत तरी चालेल.