पेंढा शेतात, गाय उकिरड्यावर

बडोद्याच्या दांडिया बाजारातून विश्वामित्रीवरील पूल ओलांडला की अकोटा लागते. प्राचीन जैन कांस्यमूर्तींमुळे इतिहासाच्या अभ्यासकांस हे नाव सुपरिचित आहे. एके काळच्या या गावाला शहराने कधीच पोटात घेतले. कुरणे गेली, पण गुरे उरली आणि बडोद्याच्या रस्त्यांवर आली. शहरांतील गुरांना आळा घालणारे विधेयक गुजरात विधानसभेने २०२२ साली संमत केले आणि मालधारी समाजाच्या तीव्र विरोधानंतर त्याच वर्षी ते मागेही घेतले. गुरे कोठे बांधावीत, या वादाच्या गदारोळात ती काय खाणार हा मूळ प्रश्न मागेच राहिला.

वास्तविक बडोद्याच्या आसपास भात पिकतो, तूर पिकते. १९६५ साली राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ जेथे स्थापन झाले ते आणंद तेथून अवघ्या चाळीस किलोमीटरांवर आहे. अशा मुलखात गाईने प्लॅस्टिकच्या पिशव्या चघळाव्यात, याला दैवदुर्विलास म्हणावयाचे की व्यवस्थेचा नाकर्तेपणा? आम्ही तरी दैवाला बोल लावणार नाही.

खुराकाच्या गोळ्यांनीच दूध वाढते, असा समज हल्ली बळावला आहे. तो अर्धवट आहे. गाईच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यातील सूक्ष्मजंतू वैरणीतील तंतू आंबवतात आणि त्यातून जे आम्ल निर्माण होते त्यापासून दुधातील स्निग्धांश बनतो. वैरण तोडून खुराक वाढविला तर पोटातील आम्लता वाढते, रवंथ मंदावते आणि फॅट उतरते. दुधाचा दर फॅटवर ठरत असल्याने महागडा खुराक घालणारा शेतकरी दोन्ही बाजूंनी नाडला जातो.

अर्थात नुसत्या पेंढ्यावरही दुभती गाय पोसत नाही. भाताच्या पेंढ्यात प्रथिने जेमतेम तीन-चार टक्के. शिवाय सिलिकामुळे तो पचावयास जड. यावर उपाय आहे आणि तो काही नवा नव्हे. शंभर किलो सुक्या पेंढ्यावर चार किलो युरिया चाळीस-पन्नास लिटर पाण्यात विरघळवून थराथराने शिंपडावा, गंजी दाबून हवाबंद झाकावी आणि एकवीस दिवसांनी उघडावी. वास उडून गेल्यावर तो पेंढा गुरांना चालतो. प्रथिने जवळजवळ दुप्पट होतात आणि पचनही सुधारते. मात्र प्रमाण चुकले वा युरिया तसाच पोटात गेला तर गुरू दगावते. लहान वासरांना तर हा पेंढा घालूच नये. म्हणूनच हे काम छापील पत्रके वाटून भागणारे नाही. पशुवैद्याने गोठ्यात उभे राहून ते करून दाखविले पाहिजे.

बडोद्याच्या उणिवा मोजताना आम्ही आमच्या किनाऱ्याकडे डोळेझाक करू इच्छित नाही. गोव्यात सरदाचे पीक पाऊस पुरता ओसरण्याआधीच कापणीला येते. ओला पेंढा बुरसतो, आणि बुरसलेला पेंढा गुरांना घालणे म्हणजे आजाराला आवतण. वायंगणाचा पेंढा कोरडा खडखडीत मिळतो. पण यंत्राने कापणी झाली की तो शेतात विखरून पडतो आणि गोळा करण्याची मजुरी परवडत नाही म्हणून तेथेच राहतो. डोंगरावरचे करड कापावयासही माणूस मिळेनासा झाला आहे. पूर्वी अंगणातल्या गंजीवरून घराची ऐपत ओळखत असत. आता गंजी शोधावी लागते! आणि राज्याला लागणाऱ्या दुधाचा मोठा हिस्सा सीमेपलीकडून येतो.

सरकार गाय विकत घेण्यासाठी अनुदान देते. ते जरूर द्यावे. पण संकरित गाय दावणीला बांधून देणे आणि तिच्यापुढे वैरण टाकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीची जबाबदारी एकट्या शेतकऱ्यावर टाकून चालणार नाही. पेंढ्याचे गठ्ठे बांधणारे यंत्र प्रत्येक लहान शेतकऱ्याने घ्यावे ही अपेक्षा हास्यास्पद आहे. ते दूध संस्थेकडे असावे, भाड्याने फिरावे आणि गठ्ठे ठेवावयास संस्थेच्या आवारात पावसापासून सुरक्षित अशी पक्की कोठी असावी. १९८४ पासून कुर्टी-फोंड्याचा दूध संघ गावोगावच्या संस्थांतून दूध गोळा करीत आला आहे. जी गाडी दूध आणावयास जाते ती जाताना पेंढ्याचे गठ्ठे का नेऊ शकत नाही, हे संघाच्या धुरिणांनी आणि पशुसंवर्धन खात्याने वायंगणाची कापणी सुरू होण्यापूर्वी सांगावे.