सोयाबीनच्या पैशातला लॅपटॉप

शेगाव, चिखली, मलकापूर, बुलढाणा इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत मुलं शिकत असलेल्या घरांमध्ये या हिवाळ्यात एक प्रश्न पुन्हा पुन्हा निघतो आहे. लॅपटॉप आता घ्यायचा की थांबायचं? गेली कित्येक वर्षं या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं होतं: थांबा. दर वर्षी यंत्र वेगवान होतं, तेवढ्याच पैशात जास्त काही मिळतं, म्हणून थांबणारा फायद्यात राहतो. हे उत्तर बराच काळ खरं होतं, पण २०२६ सालात ते तसं राहिलेलं नाही. त्याच वेळी ‘भाव वाढणार आहेत, आजच घेऊन जा’ हा दुकानातून आणि जाहिरातीतून येणारा सल्लाही आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या बहुतेक घरांसाठी चुकीचा आहे. दोन्ही सल्ले फक्त यंत्राच्या भावाकडे पाहतात. ज्या घरात पैसा पिकातून येतो, तिथे लॅपटॉपच्या भावाइतकाच महत्त्वाचा असतो तो पैसा कधी आणि कोणत्या भावाने मोकळा केला हा हिशेब. तो मांडला की उत्तर घराघराला वेगळं येतं, पण स्पष्ट येतं.

आधी बाजाराचं पाहू, कारण या वेळची भाववाढ निव्वळ अफवा नाही. लॅपटॉपमधली मेमरी, म्हणजे रॅम, जगात प्रामुख्याने तीनच कंपन्या बनवतात: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहत असलेल्या प्रचंड डेटा सेंटरांना एचबीएम नावाची खास मेमरी लागते. तिच्यात नफा जास्त, आणि तेवढीच साठवण-क्षमता तयार करायला सिलिकॉनच्या चकत्या मात्र साध्या मेमरीच्या जवळपास तिप्पट खर्ची पडतात. कंपन्यांनी आपली उत्पादनक्षमता तिकडे वळवली, साहजिकच साध्या लॅपटॉपची मेमरी आटली आणि २०२५च्या उत्तरार्धात तिचे भाव झपाट्याने चढले. ३ डिसेंबर २०२५ रोजी मायक्रॉनने ‘क्रूशिअल’ या नावाने किरकोळ ग्राहकांना मेमरी विकण्याचा आपला व्यवसाय बंद करत असल्याचं जाहीर केलं. ज्या कंपनीने सुमारे तीन दशकं सामान्य ग्राहकाला मेमरी विकली, ती त्याला सोडून मोठ्या गिऱ्हाइकाकडे जाते, तेव्हा वारा कुठे वाहतो आहे हे समजायला वेगळा पुरावा लागत नाही. लॅपटॉप कंपन्यांनीही भाववाढीचे इशारे दिले आहेत. मला त्याहून जास्त काळजी वाटते ती दुसऱ्या शक्यतेची: भाव तोच ठेवून यंत्रात मेमरी कमी घातली जाईल, आणि घेणाऱ्याला ते सहा महिन्यांनी, यंत्र अडखळायला लागल्यावर कळेल.

यावर कोणी म्हणेल की भाव चढतात तसे उतरतातही, आणि ते खरं आहे. २०११मध्ये थायलंडला महापूर आला, हार्ड डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले आणि जगभर डिस्कचे भाव भडकले. पुढे ते उतरले. मेमरीचेच भाव २०१७-१८मध्ये चढले होते, २०१९मध्ये पडले. या वेळीही ते उतरतील, यात शंका नाही. पण मेमरीचा नवा कारखाना उभा राहून त्यातून माल बाहेर पडायला दोन-तीन वर्षं लागतात, आणि अभियांत्रिकीची पदवी चार वर्षांची असते. भाव उतरेपर्यंत थांबणाऱ्या मुलाची निम्मी पदवी संपलेली असेल. ‘आता भारतातच चिप बनणार, मग स्वस्त होईल’ ही आशाही तूर्तास बाजूला ठेवावी. गुजरातमध्ये साणंदला मायक्रॉनचा प्रकल्प आहे, तो चिप जोडण्याचा, तपासण्याचा आणि वेष्टनबंद करण्याचा. मूळ चिप तिथे बनत नाही. धोलेऱ्याचा टाटांचा कारखाना चिप बनवणार आहे, पण मेमरी नव्हे. जीएसटी कमी होईल म्हणून थांबण्यातही अर्थ नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठे टीव्ही आणि एसी २८ टक्क्यांवरून १८वर आले, लॅपटॉप आधीपासूनच १८वर होता आणि तिथेच राहिला.

मात्र भाववाढीच्या प्रत्येक आवईला घाबरून धावण्याचंही कारण नाही. ३ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारने लॅपटॉपच्या आयातीला परवाना लागेल, तोही तात्काळ, असा आदेश काढला तेव्हा लॅपटॉप मिळेनासे होतील अशी भीती पसरली होती. दुसऱ्याच दिवशी सरकारने ३१ ऑक्टोबरपर्यंत मुदत दिली, आणि १ नोव्हेंबरपासून आयातीच्या नोंदणीची बरीच सौम्य पद्धत आली. भीतीपोटी ज्यांनी घाई केली त्यांच्या हाती विशेष काही लागलं नाही. तेव्हाचा अडथळा कागदावरचा होता, कागदाने दूर झाला. आजचा अडथळा कारखान्यातला आहे, म्हणून तो इतक्या लवकर हटणार नाही. इतका फरक ओळखला की पुरे.

आता घरचा हिशेब. समजा, कामाचा लॅपटॉप ४५,००० रुपयांना पडतो. २०२५-२६च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. त्या भावाने हा लॅपटॉप साडेआठ क्विंटलपेक्षा किंचित कमी सोयाबीनमध्ये येतो. तेच सोयाबीन गरजेपोटी खुल्या बाजारात ४,२०० रुपयांनी सोडलं, तर पावणेअकरा क्विंटल जातात. वरचे सव्वादोन क्विंटल, म्हणजे हमीभावाने जवळपास १२,००० रुपये, फक्त घाईत गेले. ही रक्कम सणासुदीच्या बहुतेक सवलतींपेक्षा मोठी आहे, आणि एका लॅपटॉपवर येत्या काही महिन्यांत जी भाववाढ होऊ शकते तिच्या तोडीची आहे. एकरी पाच-सहा क्विंटल उतारा धरला तर तो लॅपटॉप म्हणजे दोन एकरांचं पीक. बियाणं, खत, फवारणी, सोंगणी, मळणी यांचा खर्च अजून वजा व्हायचाच आहे. दुकानदार भाववाढीची भीती घालतो तेव्हा त्याच्या समोर यंत्राचा भाव असतो, दाण्याचा नसतो. तो दुसरा भाव आपला आपणच मोजायचा असतो.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप मला मान्य आहे. हमीभाव कागदावर असतो. नोंदणी करा, संदेशाची वाट पाहा, ओलावा १२ टक्क्यांच्या आत आणा, रांगेत गाडी लावा आणि मग चुकाऱ्याची वाट पाहा. सप्टेंबरच्या पावसात दाणा डागी झाला असेल तर तो खरेदी केंद्रावर बसतही नाही. ज्याचा माल हमीभावाने विकला जाण्याची शक्यताच नाही, त्याला ‘थांबा’ म्हणणं म्हणजे त्याची थट्टा होईल. पण त्या शेतकऱ्यालाही हिशेबाची रीत बदलावी लागत नाही. त्याने हमीभावाऐवजी आपल्या मालाला दोन महिन्यांत खरोखर मिळू शकेल असा भाव धरावा, आणि फरक काढावा. फरक किरकोळ निघाला तर विकून मोकळं व्हावं. कपाशी किंवा तूर हाताशी असेल तर तिचाही तसाच विचार करावा. तुरीचा या हंगामाचा हमीभाव ८,००० रुपये आहे आणि ती आत्ताच घरात येते आहे. खामगावच्या बाजारात चांदी घेऊन ठेवणारा माणूस भाव पाहून थांबू शकतो, कारण चांदी पडून राहिली तरी झिजत नाही. लॅपटॉपचं तसं नाही. तो पेटीतून काढला त्या दिवसापासून उतरायला लागतो, म्हणून लागण्याआधी घेतलेला लॅपटॉप हा स्वस्तात मिळाला तरी महागच.

मग हप्त्यांचं काय? ‘शून्य टक्के व्याज’ हे शब्द ज्या पाटीवर असतील तिच्याकडे जरा सावधपणे पाहावं. सप्टेंबर २०१३मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच अस्तित्वात नसते. तो खर्च प्रक्रिया शुल्कात किंवा ग्राहकाला न दिलेल्या सवलतीत लपलेला असतो. त्यापेक्षा मोठी अडचण वेळेची आहे. हप्ता दर महिन्याला जातो. नोकरदाराचा पगारही दर महिन्याला येतो, म्हणून ती व्यवस्था त्याला जमते. सोयाबीन-कपाशीचा पैसा वर्षातून एक-दोनदा येतो. जून-जुलैत, पेरणीच्या ऐन तोंडावर, खात्यात शिल्लक नसताना हप्ता परत गेला की दंड लागतो आणि सिबिलच्या नोंदीतही तो बसतो. पुढे कुठलंही कर्ज मागायला गेलं की तीच नोंद समोर येते. एका लॅपटॉपपायी ही जोखीम घेऊ नये. ज्या मुलांचं शैक्षणिक कर्ज मंजूर आहे किंवा होणार आहे, त्यांनी एक गोष्ट जरूर विचारावी: बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत अभ्यासक्रमासाठी आवश्यक असलेल्या संगणकाचा खर्चही धरता येतो. त्याची परतफेड शिक्षण संपल्यानंतर सुरू होते, आणि शेतीच्या घरासाठी ही रचना मासिक हप्त्यापेक्षा कितीतरी माणुसकीची आहे.

आता गरज नेमकी कधी उभी राहते ते पाहू. अकरावी-बारावीत असलेल्या, सीईटीची किंवा स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना लॅपटॉप लागत नाही. मोबाइल किंवा टॅब पुरतो, आणि ‘महाज्योती’च्या सीईटी-नीट प्रशिक्षणात निवड झालेल्या इतर मागासवर्गीय, भटक्या-विमुक्त व विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना टॅब मोफत मिळतो. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षी बहुतेक विषय सगळ्या शाखांना सामाईक असतात आणि प्रोग्रॅमिंगची ओळख महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत होऊ शकते. खरा भार दुसऱ्या वर्षापासून पडतो, तोही शाखेनुसार. म्हणून माझा कौल असा: येत्या सहा महिन्यांत लॅपटॉप नक्की लागणार असेल, आणि पैसा हाताशी असेल, म्हणजे कर्ज किंवा पडेल भावाची विक्री करावी लागत नसेल, तर आत्ताच घ्या, दुकानात जुन्या भावाचा साठा असेपर्यंत घेणं शहाणपणाचं आहे. सहा महिन्यांत लागणार असून पैसा नसेल, तर माल योग्य भावाने निघेपर्यंत किंवा शैक्षणिक कर्जाचा पुढचा टप्पा मिळेपर्यंत थांबा, थोडी भाववाढ सोसा. ती पडत्या विक्रीपेक्षा किंवा सावकारापेक्षा स्वस्त पडेल. आणि गरज वर्षभर दूर असेल, तर भाववाढीच्या बातम्या वाचून घेऊ नका.

ज्यांच्या घरात जुना लॅपटॉप आहे त्यांना वेगळीच भीती दाखवली जाते. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा आधार संपला, आता हे यंत्र भंगार, असं सांगितलं जातं. हे अर्धसत्य आहे. घरगुती वापरकर्त्याला सुरक्षा अद्यतनं १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळू शकतात, त्यासाठी नोंदणी करावी लागते एवढंच. इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर असेल तर यंत्र साधारणपणे विंडोज ११वर जातं. त्याआधीच्या यंत्रावर लिनक्स टाकून प्रोग्रॅमिंग शिकता येतं, आणि पायथॉनची बरीच कामं ब्राउझरमध्येच होतात. जुन्या यंत्रात फिरती हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी बसवल्याने जो फरक पडतो तो पाहूनच विश्वास बसतो.

घ्यायचं ठरलं तर या वर्षी एका गोष्टीवर अडून बसा. मेमरी किमान १६ जीबी हवी, किंवा ८ जीबी असेल तर पुढे वाढवायला मोकळी जागा हवी. अनेक पातळ यंत्रांत मेमरी मदरबोर्डवरच डकवलेली असते, ती कधीच वाढवता येत नाही. ‘एआय पीसी’ या नावासाठी मात्र जास्त पैसे मोजू नका. अभ्यासक्रमातल्या कामांना अशा यंत्रातल्या वेगळ्या एआय चिपची सध्या गरज नाही. कंपन्यांकडून परत आलेली, दुरुस्त केलेली यंत्रं हा चांगला मार्ग आहे, पण पक्कं बिल आणि लेखी हमी मिळत असेल तरच. नव्या यंत्राच्या बाबतीत घरी येऊन दुरुस्ती करण्याची हमी आपल्या पिनकोडला लागू आहे का, ते आधी तपासा. संग्रामपूर, लोणार, सिंदखेड राजा इथल्या ग्राहकाला दुरुस्तीसाठी अकोला किंवा संभाजीनगरच्या दोन-तीन खेपा घालाव्या लागल्या, तर पाच हजारांची सवलत तिथेच संपते.

शेवटी महाविद्यालयांना विनंती. पालक घाई करतात कारण त्यांना कोणी सांगत नाही. प्रवेशाच्या दिवशी शुल्काचा तक्ता हातात पडतो, पण लॅपटॉप कोणत्या सत्रापासून लागेल, कोणत्या शाखेला किती मेमरी पुरेल, तोवर प्रयोगशाळा किती वाजेपर्यंत उघडी राहील, हे कुठेच लिहिलेलं नसतं. शेगावचं श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून या जिल्ह्यात आहे, बाकीचीही आता जुनी झाली. यंदाच्या प्रवेशफेऱ्या सुरू होण्याआधी प्रत्येक महाविद्यालयाने शाखावार असं एक पानी मराठी पत्रक काढावं आणि प्रयोगशाळा संध्याकाळी आठपर्यंत उघड्या ठेवाव्यात.